पांढरा, क्रमांक एकेचाळीस

मी एक जुना ईझल आहे. मित्रांनो, अशा वेळी मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. बाकी आपली काही मैत्री नाही. छप्पन्न वर्षं उभा आहे मी, आणि इतकी वर्षं उभं राहिलेल्याला बसलेल्यांचं फार कौतुक नसतं. ईझल म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल, तर ऐका. चित्रकार रंगवतो तेव्हा त्याचा कॅनव्हास ज्याच्या अंगावर टेकवलेला असतो, तो लाकडाचा सांगाडा म्हणजे मी. दोन पाय पुढे, एक मागे, मधोमध दांडा, खाली फळी, वर चाप आणि तो आवळायला पितळी स्क्रू. एवढाच माझा देह.

सध्या मी बहरीनमध्ये असतो. सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, खंडाऱ्यांच्या हॉलमध्ये खिडकीपाशी. सहा वर्षं माझ्यावर ह्या घरातले ओले टॉवेल वाळले. ज्याच्या अंगावर चित्रं उभी राहिली त्याच्या अंगावर टॉवेल. यादवराव खंडारे मला घोडी म्हणतात. मी काही बोलत नाही, पण ऐकून घेतो.

माझा राग कशावर आहे ते आधीच सांगून टाकतो. चित्र माझ्यावर ठेवलं की त्याचं तोंड चित्रकाराकडे आणि पाठ माझ्याकडे. पन्नास वर्षं लोक यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे, वाहवा म्हणायचे, एखादी बाई डोळे पुसायची. आणि मी? मी कापडाची पाठ बघत उभा. नुसते खिळे, लाकडाची पट्टी आणि झिरपलेलं तेल. मी एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, माणूस कडू होणार नाही तर काय.

माझा जन्म डेन्मार्कचा. समुद्राजवळच्या एका गावात एक सुतार होता, बीच नावाच्या झाडाचं लाकूड वापरायचा. कडक, पांढुरकं, चिवट लाकूड. त्याने मला घडवलं, तासलं, घासलं, आणि मागच्या पायावर तापलेल्या लोखंडाने १७ हा आकडा उमटवला. त्या वर्षातला मी सतरावा. नाव नाही, गाव नाही, सतरा. त्या डागाची जळजळ मला अजून आठवते.

मला न्यायला आली ती बावीस वर्षांची मारेन. उंच, हाडकुळी, कपाळाला आठी. सुताराने विचारलं, कशाला हवा? ती म्हणाली, रंगवायला, नाचायला नको आहे. अशी ती पहिल्या दिवसापासून. मी तिला बाई म्हणतो. प्रेमाने म्हणतो असं समजू नका.

बाई फक्त पांढरं रंगवायची. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, दुधाचं भांडं, उंबऱ्यावरचं बर्फ, चुना दिलेली भिंत. तिच्या देशात हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो. जेवढा वेळ उजेड तेवढाच वेळ ती रंगवायची आणि उजेड गेला की तो मीच पळवला असल्यासारखी माझ्यावर ब्रश आपटायची. माझ्या फळीवर अजून खोक आहे. तिच्या चित्रात माणूस कधी नसायचा. माणसं हलतात, बोलतात, मला नकोत, असं ती म्हणायची.

शाळेतले मास्तर तिला हसायचे. कलाशाळेतले, मोठे दाढीवाले. ती वर्गात आली की एक जण विचारायचा, आज काय धुतलंस? सगळा वर्ग खो-खो. तिने त्यानंतर प्रत्येक चित्राला एकच नाव दिलं. पांढरा, क्रमांक एक. पांढरा, क्रमांक दोन. ती म्हणायची, नाव दिलं की लोक नाव वाचतात आणि चित्राकडे बघत नाहीत. जे मनासारखं उतरलं नाही ते ती सुरीने खरवडून टाकायची, म्हणून पन्नास वर्षांत तिची चित्रं झाली एकेचाळीस. पुढे तेच दाढीवाले म्हातारे होऊन तिच्या प्रदर्शनांना आले आणि टाळ्या वाजवून गेले. तिने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. त्याबाबतीत माझं तिच्याशी एकमत आहे.

एकसष्टाव्या वर्षी बाई बहरीनला आली. तिचा पुतण्या इथे जहाजांच्या कंपनीत होता, जनाबियाच्या एका कंपाउंडमधल्या व्हिलात राहायचा. बाई आली तीन महिन्यांसाठी आणि राहिली अकरा वर्षं. कारण इथला उजेड. सकाळी सहाला जो येतो तो संध्याकाळपर्यंत हलत नाही. बाईला तो मानवला. मला मुळीच नाही. दमट हवेने माझे सांधे फुगले, स्क्रू गंजून बसला. एकदा तिने मला झल्लाकच्या किनाऱ्यावर नेलं आणि दिवसभर खाऱ्या वाळूत उभं केलं. माझ्या पायांची साल तिथेच निघाली. परत आल्यावर तिने ब्रश धुतले, सुऱ्या धुतल्या, स्वतःचे पाय धुतले. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

माझा स्क्रू सोडवला तो यादवरावांनी. ते अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याचे, कंपाउंडच्या एसींचं काम बघायचे. एसी बंद पडला म्हणून आले, काम केलं, आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, धिस घोडी, ऑइल मफी?” मफी म्हणजे इथल्या अरबीत ‘नाही’. अकरा वर्षांत मला तेलाचा थेंब मिळाला तो त्यांच्याकडून, तोही एसीचा. पण मिळाला.

आता कुसुमबाई. यादवरावांच्या पत्नी, सलमानियाजवळच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. बाईच्या इथल्या अकराव्या वर्षी बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आली. इथे शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा इथल्या बौद्ध मंडळाचा कार्यक्रम सकाळी ठेवला होता. वंदना झाली, खीर झाली, तेवढ्यात यादवरावांना कंपाउंडचा फोन आला की मॅडमचा एसी बंद आहे. ते कार्यक्रमातूनच गाडी घेऊन निघाले. मे महिन्यात गाडीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं, म्हणून कुसुमबाई व्हिलात आल्या आणि पांढऱ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अंगावर कार्यक्रमाची पांढरीशुभ्र साडी.

बाईच्या हातातला ब्रश थांबला. ती त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिली की कुसुमबाईंनी पदर सारखा केला. मग बाई म्हणाली, “दर शुक्रवारी येशील? बसायला.”

त्या दोघींचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, एकीचं डॅनिश वळणाचं, दुसरीचं तेल्हाऱ्याच्या. मी तुम्हाला ते मराठीत सांगतो आहे. मराठी मला पुढे कुसुमबाईंच्या भांडणांतूनच आली, त्यामुळे ती तशीच फटकळ यायची.

कुसुमबाई खूश होत्या. घरी जाऊन म्हणाल्या असतील, माह्यं चित्र काढून राह्यली ती गोरी मॅडम. दर शुक्रवारी सकाळी सातला यायच्या, खुर्चीत ताठ बसायच्या. बाई त्यांना हलू द्यायची नाही, बोलू द्यायची नाही, आणि चित्र तर बघूच द्यायची नाही. पुरं होईपर्यंत कोणी बघायचं नाही हा तिचा नियम. मी मात्र पुरं झाल्यावरही बघायचं नाही, हा कोणाचा नियम कोण जाणे.

चार शुक्रवार नीट गेले. पाचव्या शुक्रवारी बाई रंग कालवता कालवता थांबली. मागच्या आठवड्याचा पांढरा ह्या आठवड्याच्या साडीशी जुळेना. तिने तो खरवडला, नवा लावला. सहाव्या शुक्रवारी तोही जुळेना. साडी दर आठवड्याला थोडी थोडी निळसर दिसत होती. बाई लावलेला रंग पुन्हा पुन्हा खरवडायला लागली. मला ती खरवड कॅनव्हासमधून कळायची. त्याचं कारण मला माहीत होतं आणि तिच्या पुतण्यालाही माहीत नव्हतं. बाईच्या नजरेच्या मधोमध धुकं धरत होतं. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू वाढणार, उपाय नाही. तिला वाटलं, आता रंगही गेले. जिने आयुष्यभर एकच रंग धरून ठेवला तिला तोच दिसेनासा झाला, असं तिला वाटलं. ती आठवडाभर खोलीत येरझारा घालायची. मी तिचा वैरी, पण त्या आठवड्यात मला तिची दया आली. थोडीच.

नवव्या शुक्रवारी ती ओरडली. “तुझी साडी निळी आहे की माझे डोळे गेले, सांग मला.”

कुसुमबाई म्हणाल्या, “निळीच आहे नं मॅडम. दर गुरुवारी धुवून नीळ देऊन राह्यली मी. तुमच्यासाठी. पांढऱ्या साडीले नीळ नाही दिली तं पिवळी पडते.”

बाईला कळेना. मग कुसुमबाईंनी समजावलं. आमच्याकडे पांढरा कपडा धुतला की शेवटच्या पाण्यात निळीचे चार थेंब टाकतात, म्हणजे तो जास्त पांढरा दिसतो. गावाहून आणलेली बाटली आहे. तुमच्या चित्रासाठी मी चाराचे सहा थेंब केले.

बाई खाली बसली. आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. डोळे शाबूत होते, निदान त्या दिवशी. पण नऊ आठवडे वाया गेले होते. ती म्हणाली, “तू माझं चित्र धुऊन टाकलंस.”

“मी स्वच्छ केली साडी,” कुसुमबाई म्हणाल्या. “स्वच्छ राहनं हा काय गुन्हा आहे?”

तेव्हापासून दोघींचं बिनसलं. पण एकही शुक्रवार चुकला नाही. भांडायला का होईना, दोघी वेळेवर असायच्या. असे तेवीस शुक्रवार झाले.

तेविसाव्या शुक्रवारी बाईने ब्रश खाली ठेवला आणि कॅनव्हासच्या पाठीवर, अगदी माझ्या नाकासमोर, पेन्सिलीने लिहिलं. कुसुमबाई उठून मागे आल्या. चित्र बघायला मनाई होती, पाठ बघायला नव्हती. त्यांनी वाचलं आणि विचारलं, हे काय? बाईने सांगितलं, हे ह्याचं नाव. पांढरा, क्रमांक एकेचाळीस.

“मी एकेचाळीस नंबर?”

“तू नाहीस. चित्र. मी तुला रंगवलं नाही, मी पांढरा रंगवला.”

“मंग मले कायले बसवलं तेवीस शुक्रवार? साडी टांगायची होती ह्या घोडीवर.”

मला वाटलं, हे मात्र बरोबर आहे.

बाई समजावत बसणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली की माझ्या चाळीस चित्रांना नाव नाही, एकेचाळिसाव्याला मिळणार नाही. मग कुसुमबाई जे बोलल्या ते मी अजून विसरलो नाही. आवाज चढला नव्हता. त्या म्हणाल्या, “माह्या आजीले गावात कोनी नावानं हाक नाही मारली, मॅडम. साऱ्या जिंदगीत नाही. ए म्हनायचे, नाही तं जातीनं बोलवायचे. बाबासाहेबांनी आमाले शिकवलं तवा आमी कागदावर नाव लिवलं. माह्या आईनं पहिलं अक्षर काढलं ते स्वतःच्या नावाचं. आनि तुम्ही मले नंबर देता. नाव लिवा, नाही तं हे चित्र जगाले दाखवू नोका.”

बाई म्हणाली, “मी कोणाच्या सांगण्यावरून चित्राला नाव देत नाही.”

कुसुमबाई गेल्या. परत आल्या नाहीत.

पुढच्याच महिन्यात पुतण्याची बदली झाली. त्याचा व्हिसा संपला तसा बाईचाही संपला. सामान बांधायला घेतलं तोवर तिच्या डोळ्यांतलं धुकं इतकं वाढलं होतं की समोरचं माणूस बघायला ती मान वळवून कडेने बघायची. शेवटच्या दिवशी तिने यादवरावांना बोलावलं. चित्र पाठमोरं करून पुठ्ठ्याला बांधलेलं होतं. ती म्हणाली, “हे तुझ्या बायकोला दे. जगाला दाखवू नको म्हणाली ना, तर तिच्याकडेच राहू दे. आणि हा ईझलही ने. मला आता दोन्ही नकोत.” पन्नास वर्षांचा संसार, आणि निरोप एवढाच. वर एक हुकूम. “तिला सांग, अंधारात ठेवू नकोस. पांढरा अंधारात मरतो.”

यादवरावांनी निरोप दिला. कुसुमबाई म्हणाल्या, “अजून हुकूम सोडूनच राह्यली का?” चित्र त्यांनी उघडून बघितलंसुद्धा नाही. पण फेकलंही नाही. आपल्याकडे वस्तू रागाची असो की लोभाची, मोठी असली की ती गुंडाळून ठेवायची रीत आहे. त्यांनी जुनी चादर घेतली, त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या, चारी बाजूंनी सुतळी बांधली आणि ते गाठोडं बेडरूममधल्या कपाटामागे सरकवलं. मला खिडकीपाशी उभं केलं आणि त्याच संध्याकाळी माझ्यावर पहिला टॉवेल पडला.

सहा वर्षं गेली. घरातली मुलगी अक्षता कॉलेज करून मनामात बँकेत लागली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ह्या वर्षी फेब्रुवारीत यादवरावांच्या जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत एक ईमेल आली, तीही अक्षतानेच वाचून दाखवली. बाईच्या गावातल्या संग्रहालयात तिच्या सगळ्या चित्रांचं प्रदर्शन आहे. बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वृद्धाश्रमात असते, जवळपास आंधळी. तिचं म्हणणं एकच, एकेचाळिसावं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. माणूस तीन आठवड्यांनी न्यायला येईल. सोबत चित्राखाली लावायच्या पाटीचा नमुना होता. पांढरा, क्रमांक एकेचाळीस.

“नाव नाही तं चित्र नाही,” कुसुमबाई म्हणाल्या. “लिव तिले.”

“आई, प्लीज. अॅटलीस्ट लेट्स सी इट फर्स्ट.”

यादवरावांनी गाठोडं काढलं, माझ्यावरचे टॉवेल उचलले आणि चित्र माझ्या फळीवर ठेवलं. सहा वर्षांनी माझ्या अंगावर पुन्हा कॅनव्हास आला. मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. पाठ माझ्याकडे, नेहमीप्रमाणे. पण समोरच्या तिघांचे चेहरे माझ्याकडे होते आणि ते मी बघितले.

आधी तिघंही पुढे वाकले. मग यादवराव म्हणाले, “हे तं हळद लागल्यासारखं झालं.”

साडी पिवळी पडली होती. भिंत पिवळी पडली होती. जवसाच्या तेलात कालवलेला रंग अंधारात कोंडला की असाच पिवळा पडतो. बाईने सांगितलं होतं, पण ह्यांना वाटलं, तो तिचा तोरा.

कुसुमबाई साडीकडे बघतच नव्हत्या. त्या तोंडाकडे बघत होत्या. “हे तोंड माह्यं आहे?”

“आई, दॅट्स एग्झॅक्टली यू. व्हेन यू आर अँग्री.”

भांडतानाचं तोंड होतं ते. ओठ आवळलेले, भुवई चढलेली, डोळे थेट समोर. बाईने म्हटलं होतं की मी तुला रंगवलं नाही. साफ खोटं. तिने भुवईचा केसन् केस रंगवला होता. आयुष्यात पहिल्यांदा बाईने माणूस रंगवला आणि ते मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

कुसुमबाई खुर्चीत बसल्या. इतका वेळ त्यांना वाटत होतं की आपल्याला नुसती साडी टांगायला बसवलं. आता कळलं की आपण त्या चित्रात आहोत, आणि आपल्याच हातांनी त्याचं वाटोळं झालं. त्या म्हणाल्या, “म्याच घातलं हे अंधारात.” कोणी समजूत घातली तरी ऐकेनात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे उठायच्या आधी त्या हॉलमध्ये आल्या. हातात वाटी आणि कापसाचा बोळा. वाटीत काय असेल ते तुम्ही ओळखलं असेल. पिवळं पडलेल्या पांढऱ्याला जगात एकच औषध, असं त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मी लाकूड, मला ओरडता येत नाही. नाही तर सबंध सलमानिया उठवलं असतं. त्यांनी चित्रातल्या पदराच्या टोकाला निळीचं पाणी लावलं. तेलरंगावर पाणी टिकत नाही, त्यामुळे ते घरंगळून खाली आलं, माझ्या फळीवर ठिबकलं. पण पदराच्या अगदी कडेला रंग पातळ होता, तिथे कॅनव्हासच्या कापडाने ते पिऊन टाकलं. बोटभर निळा डाग. पुसला तर पसरायला लागला. तेव्हा त्या थांबल्या आणि रडल्या.

अक्षताने बाईला फोन लावला. व्हिडिओ. पलीकडे ती दिसली. वाळलेली, केस पांढरे, मान वळवून कडेने बघणारी. तिने “हॅलो” म्हटलं नाही. “काय केलंस?” म्हणाली.

कुसुमबाईंनी सगळं सांगितलं. चादर, डांबराच्या गोळ्या, नीळ. काही लपवलं नाही.

बाई म्हणाली, “खिडकीत ठेव. ऊन अंगावर नको, उजेड हवा. तीन आठवडे. येईल परत. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“आनि निळा डाग?”

“तो राहील.” बाईने मान आणखी कडेला वळवली. “त्याला हात लावू नका. काढायला जाल आणि माझा रंग घालवाल.”

“आनि नाव?” कुसुमबाईंनी विचारलं.

“नाव क्रमांक एकेचाळीस.” फोन बंद.

मित्रांनो, ते तीन आठवडे मी ज्या इमानाने उभा राहिलो तसा उभ्या आयुष्यात राहिलो नाही. टॉवेल बंद झाले. खिडकीचा पडदा बाजूला झाला. रोज सकाळी कामाला जाण्याआधी कुसुमबाई चित्रासमोर येऊन विचारायच्या, “उतरलं का काई?” घरात कोणाला ताप असावा तसं. पहिल्या आठवड्यात यादवराव म्हणायचे, काही नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, भिंत फिटून राह्यली वाटते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नुसती कुसुमबाईंच्या पाठीवर थाप मारली. साडी पांढरी झाली होती. डाग सोडून.

न्यायला माणूस यायचा होता त्या सकाळी कुसुमबाई दवाखान्यातलं काळं पेन घेऊन आल्या. फॉर्म भरायचं पेन. त्या चित्रासमोर थांबल्या नाहीत, सरळ मागे आल्या, माझ्या नाकासमोर. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिच्या आडव्या पट्टीवर त्यांनी लिहायला सुरुवात केली.

“आई, व्हॉट आर यू डुइंग? इट्स हर पेंटिंग.”

“पुढचं तिचं,” कुसुमबाई म्हणाल्या. “मागचं माह्यं.”

यादवराव म्हणाले, “मोठ्या अक्षरात लिव.”

त्यांनी लिहिलं. कुसुम यादव खंडारे, तेल्हारा, जिल्हा अकोला. खाली तेच इंग्रजीत. अक्षर टपोरं, प्रत्येक अक्षरावर पेन दाबलेलं. पन्नास वर्षं चित्रांच्या पाठी वाचल्या, पण एवढं ठसठशीत कोणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईने पहिलं अक्षर काढलं असेल तेव्हा असंच दाबून काढलं असेल.

मग तो माणूस आला. त्याने चित्र माझ्यावरून उचललं आणि पेटीत घालायला ते वळवलं. वळवताना त्याचं तोंड माझ्याकडे आलं. क्षणभरच. तेवढ्यात मी पाहिलं. पांढरी भिंत, पांढरी साडी, कडेला बोटभर निळं, आणि त्या सगळ्यावर चिडलेल्या कुसुमबाई, माझ्याकडे बघणाऱ्या. छप्पन्न वर्षांत पाहिलेलं एकच चित्र, आणि त्यातलं माणूसही माझ्यावर डोळे वटारून. चालेल. मला आवडलं. हे कोणाला सांगू नका.

दोन आठवड्यांनी बाईचा फोन आला. ह्या वेळी तिनेच केला होता. सुरुवातच कडकडाटाने. कोणी परवानगी दिली माझ्या चित्रावर लिहायची? संग्रहालयाचा नियम असा की चित्राच्या मागे जे जे लिहिलेलं असेल ते पाटीवर आणि पुस्तकात जसंच्या तसं छापायचं. बाईने भांडून पाहिलं, पण नियम तो नियम. आता क्रमांक एकेचाळीसच्या खाली ठळक अक्षरात आलं होतं, ‘पाठीमागे लिहिलेलं’ असं म्हणून पुढे नाव, गाव, जिल्हा. तिच्या एकेचाळीस चित्रांत नाव असलेलं हे एकटंच.

कुसुमबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “तू माह्यं तोंड घेतलं तं कोनाले विचारून घेतलं?” इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं, पण मला तो तू स्पष्ट ऐकू आला.

मग बाईचा आवाज आला, तसाच खरखरीत.

“मला वाचता येत नाही,” ती म्हणाली. “त्यांनी मला त्या पट्टीवर बोट फिरवू दिलं. पेन एवढं दाबायची काय गरज होती? प्रत्येक अक्षर लागतं बोटाला.”

कुसुमबाई म्हणाल्या, “म्हनूनच दाबलं.”

बस्स. एवढंच बोलणं झालं. गोडवा काही आला नाही, आणि यायची अपेक्षाही ठेवू नका.

आता शेवटी उपदेश करायचा असतो, तर करतो. वस्तू जपायची म्हणजे गुंडाळून अंधारात कोंडायची नसते. आम्हाला उजेड द्या, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, आणि ओले टॉवेल दोरीवर टाका, दोरी त्याचसाठी असते. आणि माणसाला तेवीस शुक्रवार समोर बसवलंत तर उठण्याआधी त्याचं नाव विचारा.

चित्र गेल्यापासून माझी फळी रिकामी आहे. परवा यादवराव सवयीने टॉवेल घेऊन आले, तर कुसुमबाई आतून म्हणाल्या, “त्याच्यावर नाही टाकायचा.” त्याच्यावर म्हणाल्या, तिच्यावर नाही. मग त्या कोरडं फडकं घेऊन आल्या आणि मला वरपासून खालपर्यंत पुसलं. मागच्या पायाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी वाकून तो जळका आकडा बघितला, अंगठ्याने चोळून बघितला, आणि स्वतःशीच म्हणाल्या, “तुले बी नंबरच का?”

तेवढ्यात ड्यूटीची वेळ झाली आणि त्या गेल्या. माझ्या पायावर अजून नुसता सतरा आहे. ते काळं पेन मात्र त्या माझ्या फळीवर ठेवून गेल्या आहेत.